बाळबांधणी – उसाची नव्हे, पोरांची



या पानावर मी दर अंकी लागणीविषयी, खताच्या मात्रेविषयी, नाहीतर हुमणीविषयी लिहीत असतो. या खेपेस विषय वेगळा आहे. आपल्या घरातली तीन ते सहा वर्षांची पोरे, म्हणजे अजून शाळेत न गेलेली. ऊस विकास अधिकाऱ्याने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याला कारण घडले, ते आधी सांगतो.

परवा एका सभासदांच्या खोडव्याची पक्वता बघावयास गेलो होतो. काम झाल्यावर वस्तीवर चहाला बसलो. घरात साडेतीन वर्षांचा नातू. आजोबा म्हणाले, "सायबांना पोएम म्हणून दाखव." पोराने हात मागे बांधले आणि एका दमात इंग्रजी कविता म्हणून टाकली. अर्थ त्याला ठाऊक नव्हता, आजोबांना नव्हता, आणि खरे सांगतो, निम्मा मलाही लागला नाही. सगळे खूष झाले. पण पोराचे लक्ष कवितेत नव्हतेच. त्याची नजर माझ्या हातातल्या ब्रिक्समीटरवर खिळलेली.

"ह्यात काय हाय?" त्याने विचारले.

"हात लावू नगं, महागाचं हाय ते," आजोबा ओरडले.

मी म्हटले, असू द्या. काचेवर रसाचा थेंब टाकला, उजेडाकडे धरले आणि त्याच्या डोळ्याला लावले. "वर निळं, खाली पांढरं," तो म्हणाला. मग पळत जाऊन तांब्यात पाणी घेऊन आला. पाण्याचा थेंब टाकला तर निळे पार तळापर्यंत उतरले. पोरगा चक्रावला. मग दूध आणले. मग माझ्या बशीतला चहा. मग म्हणतो, "आता आज्जाचा च्या." आजोबांना डॉक्टरांनी साखर वर्ज्य केलेली, त्यांच्या चहाची निळी रेघ चांगलीच वर चढलेली दिसली आणि आतून सूनबाईंचे हसू ऐकू आले. पाऊण तास हे चालले होते. त्या पोराला कोणी शिकवले नव्हते की एकावेळी एकच गोष्ट बदलून बघावी. आमच्या पदविकेच्या वर्गात हे शिकायला आम्हांला एक सत्र लागले होते.

आता मुद्द्याचे बोलतो. बाळबांधणी तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. लागणीनंतर दीड-दोन महिन्यांनी फुटव्यांच्या बुडाला थोडीशी माती लावायची. थोडीशीच. मोठ्या बांधणीची माती त्याच वेळी ओढली तर फुटवे दबतात आणि पुढे कितीही खत टाकले तरी उसांची संख्या भरून निघत नाही. घाई करणाऱ्याचे नुकसान त्या वेळी दिसत नाही, तोडीला दिसते. पोरांच्या बाबतीत आपण नेमकी हीच घाई करतो. तिसऱ्या वर्षी पाटी, चौथ्या वर्षी वही, पाचव्या वर्षी शिकवणी. पोराला जे स्वतःहून फुटते आहे, विचारणे, दुसऱ्या पोरांत मिसळणे, आपले आपण करणे, ते मातीखाली जाते.

हे मी दुसऱ्यांना शहाणपण सांगतो आहे असे समजू नका. ही चूक मी स्वतः केलेली आहे.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी धाकटी तेव्हा साडेतीन वर्षांची. कॉलनीतल्या दोन-तीन घरांचे बघून आम्ही तिला तालुक्याच्या गावी एका इंग्रजी बालवर्गात घातले. शाळेचे नाव सांगत नाही, निर्णय माझा होता. सकाळी सातला गाडी यायची. पोरगी भलती बडबडी. मुंग्या कुठे चालल्यात, त्यांना रस्ता कोणी सांगितला, रात्री ऊस झोपतो का, असले प्रश्न दिवसभर. दिवाळी झाली आणि घरात शांतता आली. मला वाटले, वळण लागले. समाधानच वाटले, खोटे कशाला बोलू.

एक दिवस ती ओल्या चड्डीने घरी आली. हळूहळू उलगडा झाला. लघवीला जायचे तर इंग्रजीत विचारायचे, असा नियम. तिने मराठीत विचारले, नीट विचार म्हणून सांगितले गेले, तिला ते वाक्य येईना, आणि मग व्हायचे ते झाले. पोरे हसली. आता पुढचे ऐका. मी त्या संध्याकाळी टोळ्यांच्या भानगडी मिटवून दमून घरी आलो होतो. सौ.ने सगळे सांगितले. मी काय केले? पोरीला समोर बसवून ते वाक्य वीस वेळा म्हणून घेतले. "मे आय गो टू टॉयलेट, टीचर." तिने म्हटले. न रडता म्हटले. रात्री अंथरूण ओले केले. ते वाक्य तिला आजही पाठ आहे. मलाही.

दुसऱ्या दिवशी सौ. म्हणाली, आता पुरे. पोरीला घेऊन ती सरळ पेणला माझ्या ताईकडे गेली.

मी मूळचा पेण तालुक्यातला. कृषी पदविका घेऊन घाटावर नोकरीला आलो तो इथलाच झालो. पेण-रोहे म्हणजे भाताचा, खारजमिनींचा मुलूख. ऊस तिकडे दिसतो तो रसवंतीच्या चरकात. आणि पेणला कारखाना म्हटले की गणपतीचा. मी कारखान्यात नोकरीला लागलो तेव्हा गावातल्या एका म्हाताऱ्याने विचारले होते, "वर्षाला किती मूर्ती निघतात?" ताईच्या घरचाही तसलाच कारखाना, पडवीत मांडलेला. गणपती भाद्रपदात बसत असले तरी काम बारमाही. घरातली सगळी माणसे त्यात, आणि पोरे त्यांच्या पायांत.

हंगाम ऐन भरात, तरी संक्रांतीला दोन दिवसांची रजा काढून गेलो. बघतो तर धाकटी पडवीत उकिडवी बसलेली, कोपरापर्यंत शाडूने माखलेली, फ्रॉक उलटा घातलेला. आजूबाजूला शेजारची तीन पोरे. ताईच्या सासूबाईंनी प्रत्येकाला मातीचा एक गोळा दिला होता. काय करायचे ते कोणी सांगितले नव्हते. एकाचा साप, एकाचे लाडू, आमच्या बाईंचा उंदीर. मी विचारले, "ह्याला एकच कान कसा?" तिने माझ्याकडे असे बघितले की जणू मीच अडाणी. "झोपलाय ना तो. दुसरा खाली दबलाय."

दोन महिन्यांनी मला तिच्याकडून पूर्ण वाक्य ऐकावयास मिळाले.

तिथे दोन दिवस मी दुसरे काही केले नाही, नुसता बघत बसलो. आदल्या दिवशीचा एक उंदीर तडकला होता. तो का तडकला म्हणून ती सासूबाईंच्या मागे लागली. त्या बाई चौथी शिकलेल्या. शाडू उन्हात भराभर सुकला की भेगा पडतात, हे त्यांना जन्मभराचे ठाऊक. पण त्यांनी ते सांगितले नाही. म्हणाल्या, "बघ ना गो बाय, खयचा तडकतो नि खयचा नाय." मग पोरांनी एक गोळा अंगणात उन्हात ठेवला, एक पडवीत, एक ओल्या फडक्यात गुंडाळून. दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत धाकटी मला ओढत घेऊन गेली. उन्हातला फुटला होता, पडवीतला नव्हता, आणि फडक्यातला "अजून लाडू करायला येतोय" होता. सासूबाईंना मी नंतर विचारले, उत्तर का दिले नाही? त्या म्हणाल्या, दिले असते तर ती लगेच दुसरे विचारती, नि मला काम करू देती ना. म्हणजे त्यात काही शिक्षणशास्त्र नव्हते. मला मात्र ते शास्त्रच वाटले.

दुपारी कोरणीवरून दोघांत जुंपली. कोरणी म्हणजे माती कोरायची लाकडी पट्टी. केस ओढले गेले, बोंबाबोंब झाली. मी उठलो तर ताई म्हणाली, "अरे बस खाली. त्यांचं ते बघतील. रक्त आलं तर मी आहेच." थोड्या वेळाने भांडण मिटले ते असे: एकाने कोरणी वापरायची, दुसऱ्याने दहापर्यंत मोजायचे, मग पाळी बदलायची. पण मोजणाऱ्याला सातच्या पुढे येत नव्हते. म्हणून पाळी सातची ठरली. मी मध्ये पडलो असतो तर दोघांनाही एकेक कोरणी आणून दिली असती आणि सातचा करार काही झाला नसता.

संध्याकाळी पोपटी लावली. घाटावरच्या मंडळींसाठी सांगतो, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगा भरायच्या, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करायचा. पाला आणायचे काम पोरांचे. पाच वर्षांची एक मुलगी पुढारी होती. धाकटीने कसला तरी भलताच पाला आणला. पुढारीणबाईंनी तो हुंगून फेकून दिला, खरा भांबुर्डा तिच्या नाकाला लावला आणि म्हणाली, "असा वास पायजे." एवढाच पाठ. पुढच्या खेपेस तिने बरोबर आणला. शेंगा सोलून आधी सासूबाईंना, मग मोठ्यांना, मग आपल्याला, हे वाटपही पोरांनीच केले.

उलट्या फ्रॉकचे राहिले. तो तिने स्वतः घातला होता म्हणून कोणी सुलटा केला नाही. तिसऱ्या दिवशी तिचा तिला कळला.

याच पेण तालुक्यात गागोदे नावाचे खेडे आहे. 11 सप्टेंबर 1895 रोजी तिथे विनायक नरहरी भावे, म्हणजे आपले विनोबा, जन्मले. तेव्हा जिल्हा कुलाबा म्हणत. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास, आणि विनोबांचे लहानपण आजोबा शंभुराव आणि आई रुक्मिणीबाई यांच्याजवळ गेले. पुढे विनोबांनी आपल्या आठवणींत त्या दिवसांविषयी सांगून ठेवले आहे. घरच्या फणसाच्या झाडाला फणस पिकला की आई गरे द्रोणांत भरी आणि लहानग्या विनायकाला आधी शेजाऱ्यांकडे द्रोण पोचते करायला लावी. मग घरच्यांनी खायचे. तुळशीला पाणी घालणे हे त्याचे काम. ते राहिले असेल तर ताटावर बसताना आई आठवण करून देई. एकदा भिंतीवरची आपलीच मोठी सावली बघून पोर भ्याले. आईने भूत नाही म्हणून दटावले नाही की कुशीतही लपवले नाही. सांगितले, हा तर तुझा नोकर आहे, तू बसलास तर बसेल, उठलास तर उठेल, बघ करून. पोराने करून बघितले आणि भीती गेली. ती माउली काही शिकलेली शिक्षिका नव्हती.

आजोबा घरीच चंदन उगाळून त्याचा गणपती करीत आणि उगाळण्यास पोरांना बसवीत. एवढ्या मेहनतीने केलेली मूर्ती मग पाण्यात सोडायची कशाला, हे कोडे त्या पोराला पडे. ज्या तालुक्यातून गाड्या भरभरून गणपती बाहेर जातात, तिथल्या प्रत्येक पोराला ते पडतेच. माझ्या धाकटीनेही विचारले होते. उत्तर मला अजून धड देता आलेले नाही.

हे घरातले झाले. पण ज्या घरात आईबाप दोघेही दिवसभर रानात, तिथे काय? यावर आपल्याच महाराष्ट्रात फार मोठे काम झाले आहे. ताराबाई मोडक (1892–1973) या मुंबईच्या पदवीधर बाई. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले. गिजुभाई मूळचे वकील. पोरांत इतके रमले की लोक त्यांना मिशावाली आई म्हणत. मादाम माँटेसरींची पद्धत दोघांनी आपल्या मातीत आणली. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पण ताराबाईंना खंत ही की हे सारे शहरातल्या पैसेवाल्यांच्या पोरांना मिळते. म्हणून 1945 साली त्या डहाणू तालुक्यात बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. महागडी साधने परवडणार कुठून? मग शिंपले, चिंचोके, बिया, पाने, काड्या यांचीच साधने केली. पोरे बालवाडीत येईनात तेव्हा या बायांनी बालवाडीच उचलून त्यांच्या वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथून आला. 1957 साली त्या कोसबादच्या टेकडीवर वारली पाड्यांत गेल्या. तिथे दिसले की मोठी बहीण धाकट्याला सांभाळते म्हणून दोघेही शाळेबाहेर. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी आणली, तिला विकासवाडी म्हणत. गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे गुरे जिथे चरतील तिथे गुरुजी. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना पुढे पद्मश्री. 2 ऑक्टोबर 1975 पासून केंद्र सरकारने देशभर एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव आहे. 2020 च्या नव्या शैक्षणिक धोरणानेही तीन वर्षांपासूनचे शिक्षण खेळातून आणि शक्यतो घरच्या भाषेतून व्हावे असेच म्हटले आहे.

आपल्या गावोगावच्या अंगणवाडीला आपण खिचडीची जागा समजतो. काही ठिकाणी ती तशी झालीही आहे, नाही म्हणत नाही. पण जिथे ताई हौशी आहेत तिथे महिन्यातून एकदा जाऊन बसा. चिंचोके, कणसे, उसाची टिपरी, जुने माप, जे मागतील ते द्या. धाकटी परत आल्यावर आम्ही तिला गावच्या अंगणवाडीत घातले. लिहायला ती पहिलीत शिकली. आता सहावीत आहे. अक्षर माझ्यासारखेच वाईट आहे, पण प्रश्न विचारते आणि गुरुजींना नको होईपर्यंत विचारते.

घरी काय करावे हे फार लांबवीत नाही. पोर शेतावर न्या. ठिबकची तोटी उघडू द्या, बेणे मोजू द्या, चुकले तर चुकू द्या. स्वतःच्या हाताने जेवू द्या, सांडेल. मोबाइल दाखवून घास भरवणे सोपे आहे हे मला ठाऊक आहे, सांडलेले पुसणे सौ.ला लागते हेही ठाऊक आहे, तेव्हा पुरुषमंडळींनी फडके हातात घ्यावे. आणि मोटरीची पेटी, विहीर, तणनाशकाची बाटली, चालू ट्रॅक्टर यांपासून पोर लांबच ठेवावे; तिथे मोकळीक नाही.

सोबतीचे मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण ते आपल्या धंद्याशी येऊन भिडते. पेणहून परतल्यावर धाकटीला आमच्या कॉलनीमागच्या कोप्यांतली एक मैत्रीण मिळाली. बीडकडची टोळी, आईबाप कोयत्यावर. दोघी पाचटाचे घर करीत, वाढ्यांची भाजी चिरीत. ती मुलगी चार वर्षांची, पण आपल्या तान्ह्या भावाला झोळीत झोपवून ठेवण्याइतकी हुशार. धाकटीने झोळी द्यायला तिच्याकडून शिकून घेतले. कॉलनीत कोणी कोणी सौ.ला म्हणाले, तोडवाल्यांच्या पोरांत कशाला सोडता? सौ.ने ऐकून न ऐकल्यासारखे केले. एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडला. एका रात्रीत कोप्या मोडल्या, गाड्या गेल्या. सकाळी धाकटी नुसती मोकळ्या जागेत उभी. "ती कधी येणार?" मी म्हटले, दसरा झाल्यावर. दसरा झाला, दिवाळी झाली. ती टोळी त्या वर्षी दुसऱ्या कारखान्याला गेली होती.

माझ्या पोरीला मन मोकळे करायला पेण होते, आत्या होती, सासूबाई होत्या. झोळी देणाऱ्या पोरीला काय होते, याचा मी तोवर विचार केला नव्हता, आणि वीस वर्षे टोळ्या मीच लावतो आहे. आपल्या फडात ही पोरे बांधाच्या कडेला, कधी ट्रॉलीच्या सावलीत निजलेली असतात. चालकाला ती दिसतातच असे नाही.

तेव्हा या हंगामात माझी एवढीच विनंती आहे. तोडीची चिट्ठी मिळाली की फडाच्या एका बाजूला, गाडीरस्त्यापासून लांब, झाडाखाली किंवा शेडनेटचा तुकडा बांधून सावलीची जागा करावी. तिथे पाण्याची घागर ठेवावी. टोळीत सहा वर्षांखालची पोरे किती आहेत ते मुकादमाला विचारून गावच्या अंगणवाडीताईंना त्याच दिवशी कळवावे. बाहेरगावच्या पोरांनाही तिथे बसता येते. आपली पोरे त्यांच्यात खेळायला गेली तर हाका मारून परत बोलावू नये. अडचण आल्यास आपल्या गटाच्या चिटबॉयकडे निरोप द्यावा, मी स्वतः येईन. ब्रिक्समीटर बरोबर असेलच.